डोंगरातल्या म्हातारीची खबर

दादा गेल्याचा निरोप माझ्या सासरी बन्नूरला आला तेव्हा मी गुऱ्हाळावर होते. "नजरबादचे तुमचे दादा सकाळी गेले," एवढं सांगून गाडीवान बैलांना पाणी दाखवायला वळला. मी तिथेच बसकण मारली आणि लाज सोडून रडले. त्याला आता महिना होऊन गेला. आज लिहायला बसले आहे ती मात्र रडत नाही, संतापाने बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत मला ठाऊक आहे. तसलं वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

दादा शिंपी. आम्ही विठ्ठलाची माणसं, कैक पिढ्या म्हैसुरात सुईदोऱ्यावर जगलेली. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. नजरबादेत दादाचं दुकान होतं, कचेरीतल्या कारकुनांचे कोट तो शिवायचा. तो बोलायला लागला की गिऱ्हाईक कोट न्यायला आलंय हे विसरून बसून राहायचं. साधी गाय गोठ्यातून सुटली तरी ती हकीकत तो अशी रंगवायचा की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. मला त्याचा केवढा अभिमान होता... आता त्याच गुणाला शिव्या घालते.

आमच्या घराण्यात आई गेली की वर्षाच्या आत तिच्या लुगड्यांची कौदी शिवतात. कौदी म्हणजे तुमच्याकडची गोधडी. लेकीने टाके घालायचे, लेकाने कडा मुडपायच्या, आणि कौदी लेकीच्या घरी जायची. आमची आई साध्या तापाने गेली. मी आणि दादाने मिळून तिची कौदी शिवली, मधोमध तिचं हिरवं लुगडं घातलं. आईचा फोटो वगैरे आमच्याकडे कुठला? ती कौदी हीच आई. बन्नूरला थंडीत मी ती अंगावर घेई आणि निवांत झोपे.

त्याच वर्षी उत्तरेत, हिमालयाच्या अंगाला, मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली, उरलेली माणसं उघड्यावर गारठून मरताहेत अशा बातम्या येऊ लागल्या. म्हैसुरात मदतीसाठी मंडळी उभी राहिली. धान्य, भांडी, औषधं गोळा होऊ लागली. पांघरुणांबद्दल त्यांचं सांगणं स्पष्ट होतं: नवी कांबळी द्या, जुनी वस्त्रं नकोत. आमच्या विठ्ठल मंदिरातलं गोळा करण्याचं काम दादाकडे होतं. तो म्हणाला, कांबळं काय, बाजारात मिळतं. लेकरं गमावलेल्या माणसांना आईच्या लुगड्याची ऊब द्यायला हवी. त्याच्या जिभेपुढे कोण टिकणार? घराघरातून कौद्या निघाल्या. बायकांनी त्या उन्हात घालून, हळदीकुंकू लावून मंदिरात आणून ठेवल्या.

मी दिली नाही. तेव्हा तो स्वतः बन्नूरला आला.

"अय्यो दादा, दुसरं काही ने. ही गेली तर माझी आई जाईल रे," मी म्हणाले.

"सुम्ने बस गं, गप्प. जाईल कुठे? मी स्वतः घेऊन जातो. ज्याच्या अंगावर घालीन त्याचा ठावठिकाणा तुला येऊन सांगतो. पांडुरंगाची शपथ."

मी घडी करून त्याच्या हातात दिली.

तो आणि रामोजीराव गठ्ठे घेऊन आगगाडीने निघाले. रामोजीराव म्हणजे जुन्या पलटणीतल्या मराठा घराण्यातले, दादाचे जिवलग. बऱ्याच दिवसांनी दादा परतला तो वाळून काटकी झालेला. मंदिरात सगळ्यांसमोर त्याने सांगितलं: डोंगरात एक म्हातारी भेटली, घर गेलेलं, लेक गेलेला. आईची कौदी त्याने तिच्या खांद्यावर घातली. तिने ती नाकाशी धरली आणि म्हणाली, ह्याला कुणाच्या तरी आईचा वास येतोय.

"तिची भाषा तुला कशी रे कळली?" मी विचारलं.

"रडणाऱ्या बाईची भाषा कळायला काय लागतं?"

त्यानंतर दर थंडीत मी म्हैसूरला जाऊन त्याला विचारायची, माझी म्हातारी कशी आहे? तिकडचे शालवाले फिरत यायचे, ते खबर सांगतात म्हणायचा. तिने बकरी घेतली, तिला नवं घर मिळालं, खोकला जरा जास्त आहे... इतकी वर्षं ती जगते कशी, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला ती जगायलाच हवी होती.

दादाच्या दहाव्याला रामोजीराव माझ्यापाशी येऊन बसले. "ताई, तो होता तोवर तोंड उघडायची चोरी होती. आम्ही बंगळूरच्या पुढे गेलोच नाही," ते म्हणाले. तिथल्या मदतीच्या केंद्रावर गठ्ठे अडवले. प्लेगाचे दिवस, त्यातून बहुतेक लुगडी मेलेल्या बायकांची. पुढे पाठवायची नाहीत आणि परतही न्यायची नाहीत, असा हुकूम झाला. दादा पाया पडला, एक तरी ठेवू द्या म्हणाला. आवारातच सगळ्या जाळल्या. मग तोंड कसं दाखवायचं म्हणून दादा तिथेच राहिला आणि भूकंपवाल्यांसाठी नवे सदरे शिवत बसला, पाठ मोडेपर्यंत.

अरे, मग हेच येऊन सांगायचं होतंस ना! सदरे शिवलेस हे काय थोडं होतं? आई जळली म्हणून मी तुझ्या गळ्यात पडून रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि दोघं मिळून कुडकुडलो असतो. त्याऐवजी तू मला वर्षानुवर्षं एका नसलेल्या बाईच्या खोकल्याची काळजी करायला लावलीस. आणि आता भांडायचं तर माणूसच जागेवर नाही.

तेरावं उरकल्यावर मी वहिनीला गाठलं. ती नाचणी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं, वन्सं." तिने मान वर केली नाही. "दर वर्षी ह्यांना म्हणायची, आता खरं सांगून टाका. तर म्हणायचे, म्हातारीला मारू कसा? तिच्यापायी तर माझी बहीण दोन दिवस माहेरी येते."

मी तिथून उठले. आत दादाच्या खोलीत जाऊन त्याच्या बाजेवर टेकले. त्याला माफ केलेलं नाही, करायची इच्छाही नाही. लोक म्हणतात, तुमच्या आईला जाऊन किती वर्षं झाली. त्यांना काय सांगू... माझी आई आत्ता गेली, दादाबरोबर.