दोन माणसांची खुर्ची

बर्फ म्हटलं की मला अजूनही आधी आवाज ऐकू येतो, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा. भाड्याचे बूट आईने लांबूनच नाकारले होते. "कोणाकोणाचे पाय गेले असतील त्यात!" मग तिने मोज्यांवर शारजाच्या सुपरमार्केटच्या निळ्या पिशव्या चढवल्या, त्यावर रोजचे वॉकिंग शूज घातले आणि चुरचुर करत ती बर्फात उतरली.

ईदच्या सुट्टीत आम्ही तिघं लेबनॉनला आलो होतो. डोंगरातलं ते स्की रिसॉर्ट अगदी लहान होतं. एक उतार, एक कॅफे आणि माणसांना खुर्च्यांत बसवून वर नेणारी एक लिफ्ट. स्की आम्हाला कोणालाच येत नव्हतं, फक्त बर्फ बघायचा होता. शारजात अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून समोरच्या टॉवरचे एसी आणि दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसायची. इथे काहीच दिसत नव्हतं. उन्हाळ्यात इंडियाला जाताना आई घरभर फर्निचरवर पांढऱ्या चादरी घालायची, तसं कोणीतरी इथे डोंगरांवर घालून सुट्टीला गेलं होतं.

शांतता मात्र आम्ही घरूनच आणली होती. आईबाबांचा अबोला चालू होता. तिकिटं भांडणाच्या आधी काढलेली, म्हणून आलो होतो.

मी बारावीत होते. परीक्षा झाली की पुण्याला कॉलेज, हे लहानपणापासून ठरलेलं. आमच्या बिल्डिंगमधली मुलं अशीच एकेक करून गेली होती. वाद होता तो आईने माझ्याबरोबर जायचं की नाही, याचा. "जी मुलगी कधी एकटी रिक्षात बसली नाही, तिला हॉस्टेलवर टाकू?" असं आईचं म्हणणं. बाबा लग्नाआधी उम्म अल कुवैनमध्ये चारपाच जणांच्या एका खोलीत राहिले होते. आता हमरिया फ्री झोनच्या ऑफिसात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या माणसाने फॅमिली परत पाठवली होती. तो रोज मेसचा डबा आत काय आहे ते न बघता खातो, असं बाबा सांगायचे. "मला परत बॅचलर व्हायचं नाहीये," ते एकदा जेवताना म्हणाले. "म्हणजे फक्त तुमचं बघा," आई म्हणाली. खलास. त्या दिवसापासून घरातलं 'अहो' गेलं.

निरोप माझ्यामार्फत जायचे.

"बाबांना सांग, आमटी गरम आहे."

"आईला सांग, भूक नाही."

मी दोन्हीकडे "ओके" म्हणायचे आणि निरोपातली धार काढून तो पुढे द्यायचे. मला काय हवंय, हे कोणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मला एकटीलाच जायचं होतं. हे वाक्य मी मनात इंग्रजीत कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. इंग्रजीत ते सोपं वाटायचं. मराठीत म्हटलं की समोर आईचा चेहरा यायचा.

लिफ्टची खुर्ची दोन माणसांची होती. न बोलताच ठरलं की मी आणि आई पुढे, बाबा मागच्या खुर्चीत. खुर्ची वळण घेऊन आमच्या मागे येताना दिसली आणि मी बाजूला सरकले.

"लेस सुटलीय."

"आत्ता?" आई ओरडली.

"यल्ला, यल्ला!" लिफ्टवरच्या म्हाताऱ्याने बाबांना माझ्या जागी ढकललं. दोघं धपकन बसले, दांडा खाली आला आणि खुर्ची त्यांना घेऊन निघाली. माझ्या भाड्याच्या बुटांना लेस नव्हतीच, क्लिपा होत्या.

थोडं वर गेल्यावर लिफ्ट थांबली. वर कोणीतरी पडलं असावं. धुकं हळूहळू उतरत आलं आणि त्यात ती दोघं नुसती टांगलेली राहिली. दोन काळ्या आकृत्या, मधे अंतर, आईच्या बुटांतून डोकावणाऱ्या निळ्या पिशव्या. ऐकू काहीच येत नव्हतं. मग आईचा हात हलला. तो हात मला माहीत होता, ती मनापासून बोलते तेव्हाच तो तसा हलतो. बाबा मान खाली घालून ऐकत होते. नंतर त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत, खालून कळेना. लिफ्ट सुरू झाली आणि ती दोघं पांढऱ्यात विरून गेली. मी किती वेळ तशी उभी होते, सांगता येणार नाही. पापण्यांवर बर्फ साचत होता आणि मला थंडी वाजत नव्हती.

ती दोघं खाली आली, तेव्हा आईच्या गळ्यात बाबांचा मफलर होता. "अहो, धरा ना! पडेन मी," ती उतरताना म्हणाली आणि बाबांनी तिला धरलं.

"आमचं ठरलंय," बाबा मला म्हणाले. "आई येईल तुझ्याबरोबर. मी करेन मॅनेज. इन्शाल्ला, दोन वर्षांत मीही येतो." ते हसत होते, पण माझ्याकडे न बघता, बुटांवरचा बर्फ झटकत.

निरोप नेहमीसारखा माझ्यापर्यंत आला होता. "ओके" एवढंच म्हणायचं होतं.

"मला हॉस्टेलवर राहायचंय," मी म्हणाले. "एकटीला. आई, तू बाबांजवळच राहा."

मराठीत. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाबांनी झटकणं थांबवलं.

"आणि हे कधी ठरलं?" आईने विचारलं.

"कधीचंच."

"मग आम्ही वर काय भजन करत होतो?" बाबा म्हणाले. आईला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. तिने मफलरने नाक पुसलं. "माझा आहे तो," बाबा म्हणाले. तिने तो गळ्याभोवती आणखी एक वेढा देऊन गुंडाळला.

लिफ्ट बंद व्हायच्या आधी आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी मी पुढच्या खुर्चीत एकटी बसले. शेजारची जागा रिकामी होती आणि पाय कशालाच टेकत नव्हते. धुकं इतकं दाट झालं की समोरची तारही दिसेना. मागून पिशव्यांची चुरचुर येत होती.

"अहो, हॉस्टेलला गीझर असतो का?"

"असेल."

"असेल म्हणजे? विचारा ना!"

"आता इथे कोणाला विचारू, हबीबी?"

"आणि तिला कुकर लावायला शिकवायला हवं. तिला सांगा..." आई थांबली. मग धुक्यातून तिने थेट मलाच हाक मारली.

मी दांडा घट्ट धरला आणि मागे न वळता ओ दिली.