न मोजलेले फेरे

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्यानं शाल आणि नारळ दिला, आणि वडिलांनी स्वतःला एक जीप दिली. लष्कराच्या लिलावात निघालेली, वयानं माझ्याहून मोठी. काचीगुड्याच्या घरासमोर ती उभी राहिली तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, लोक रिटायर झाले की काशीला जातात."

वडील म्हणाले, "मी तुला कॅम्पावर नेणार."

कॅम्प म्हणजे एका तलावाच्या बांधापाशी असलेलं दोन खोल्यांचं दगडी क्वार्टर. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं दोघांनी तिथं काढली होती. आईच्या बोलण्यात ते अधूनमधून यायचंच. खिडकीतून पाणी दिसायचं, भाकरी थापताना बगळे मोजायचे, असलं काहीतरी. पुढं काम संपलं, कॅम्प उठला, रस्ता कुणी दुरुस्त केला नाही. आता तिथं जायचं तर आधी काळ्या मातीतली दोन-तीन कोसांची वाट, मग खडकाळ ओढा, मग चढ. आणि आईचे गुडघे पार गेलेले. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जाताना ती मध्ये एकदा भिंत धरायची. तेव्हा गाडी अगदी दारापर्यंत गेली तरच आई कॅम्प बघणार, नाहीतर नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

वडील एकटेच एकदा वाट बघून आले ते गुडघाभर चिखल घेऊन. गाडी रुतली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांकडे गेलो.

चाचा म्हणजे वडिलांच्या खात्यातले जुने ड्रायव्हर. वडिलांबरोबर तीस वर्षं कॅम्पाकॅम्पावर हिंडलेले, गाडी चालवणारेही तेच आणि उघडून जोडणारेही तेच. निवृत्तीनंतर अफझलगंजला नदीच्या अंगाला त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती. वडील त्यांना मियाँ म्हणायचे, ते वडिलांना साब. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे आणि दोघं एकमेकांशी सरळ कधी बोलत नसत.

चाचांनी जीपखाली डोकं घालून पाहिलं. "साब, कीचड में इसका एक पैर नाचता, दूसरा खड़े रहके तमाशा देखता."

खरंच तसं होतं. दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये चिखलातलं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं, ज्याला जमीन सापडलेली असते, ते स्वस्थ बसतं. त्यावर उपाय म्हणजे लॉक. लॉक लागलं की दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. चाचांनी ठरवून दिलं ते असं : मागच्या दोन चाकांना जोडणारं एक्सल बदलायचं, लष्कराच्या भंगारात लॉकवालं जाड एक्सल मिळतं ते घालायचं, पुढचं आहे तेच ठेवायचं, आणि चारी टायर खोल नक्षीचे, मोठे.

"आणखी मोठे घ्या," वडील म्हणाले.

"इत्ते बड़े डाले तो बाईसाब कू चढ़ने कू सीढ़ी लगती."

"तर मग सीढ़ी लावा."

आणि चाचांनी ती लावलीसुद्धा. आईच्या पायाची उंची सुतळीनं मोजून नेली, लोखंडी पायरी जोडली, वर जुन्या टायरचं रबर ठोकलं, म्हणजे पाय घसरू नये. आई ती बघायला शेडवर गेली होती, स्टीलच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पायरीवर चढली, उतरली, पुन्हा चढली. "बसची पायरी करणाऱ्याला गुडघे नसतात वाटतं," ती म्हणाली. चाचांना मराठी सगळं कळायचं. ते मान खाली घालून हसत राहिले.

आता माझ्याकडे येतो.

चाचांची एक रीत होती. बाहेरून आणलेलं एक्सल ते फेरे मोजल्याशिवाय गाडीला लावत नसत. चाकाच्या टोकाला खडूची रेघ मारायची, इंजिनाकडून जोर आणणाऱ्या शाफ्टच्या तोंडाला दुसरी. चाकाकडचं टोक एक फेरा फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. पुढच्या एक्सलचा जो आकडा, तोच मागच्याचा हवा. नाहीतर चारी चाकांना जोर दिल्यावर पुढची चाकं एका चालीनं जाऊ बघतात, मागची दुसऱ्या, आणि त्या ओढाताणीत पुढच्या-मागच्यांना जोर वाटणारी मधली पेटी फुटते. पुढचं त्यांनी माझ्यादेखत मोजलं : पाच फेरे आणि वर एक तिसरा हिस्सा.

"पिछला भी यहीच आना. बेचने वाला झूठ बोलता, कागद झूठ बोलता. गिन के लाव, छोटे साब. मेरी आँखां में जाला है."

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून बाजारात जाऊन मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी सव्वीस वर्षांचा होतो. ते दिवस असे की काल नसलेली पाटी आज रस्त्यावर दिसायची. परदेशी बँका, संगणकाचे क्लासेस, काचेच्या दारांची ऑफिसं. सरकारी नोकरीच्या परीक्षा देऊन मी थकलो होतो आणि तशाच एका नव्या ऑफिसातून मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. सिकंदराबादला, दुपारी दोनला. भंगार बाजारही सिकंदराबादलाच. एका खेपेत दोन्ही कामं उरकावीत म्हणून मी पांढरा शर्ट घालूनच निघालो. टाय खिशात.

एक्सल दोन पिंपांच्या मध्ये आडवं पडलं होतं, खाली काळ्या तेलाचं थारोळं. मोजायचं तर त्या तेलात एक गुडघा टेकून, दोन्ही हातांनी टोक धरून फिरवायला हवं होतं. लॉकवालं असल्यामुळे काम आणखी सोपं, एकच बाजू फिरवायची. मिनिटाचं काम. मी शर्टाकडे बघितलं.

"सेम टु सेम, भाई. आँख बंद करके ले जाव," दुकानदार म्हणाला.

मी तसंच केलं. एक्सल टेम्पोत घालून शेडवर पाठवलं आणि मुलाखतीला गेलो.

संध्याकाळी चाचांनी विचारलं, "गिने?"

"हौ चाचा. पाच आणि वर तिसरा हिस्सा."

त्यांचाच आकडा मी त्यांना परत दिला. त्यांनी खडू हातात घेतला होता, एकदा एक्सलकडे पाहिलंही. मग खडू खिशात टाकला. "छोटे साब बोले तो हो गया."

त्या क्षणी "थांबा" म्हणता आलं असतं. मी पाणी पिऊन येतो म्हणालो.

नोकरी लागली. तीन आठवड्यांत गाडीही तयार झाली. शहरात ती उत्तम चालली, कारण रस्त्यावर नुसत्या मागच्या चाकांवर चालायची. पुढच्यांना जोर द्यावाच लागत नसे. कॅम्पाला निघालो तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, काही झालं नाही. डोळ्यांत जाळं असलं तरी चाचाच चालवत होते, शेजारी वडील वाट सांगत, मागे आई आणि मी. काळ्या मातीत चाचांनी चारी चाकं जोडली आणि गाडी अशी निघाली की आई टाळ्या वाजवायला लागली. चिखल मऊ असतो, चाकं थोडीफार घसरली तरी चालवून घेतो. खडक चालवून घेत नाही.

ओढ्याच्या मध्यावर गाडी कण्हायला लागली. धक्के बसले. चाचा "क्या हुआ, क्या हुआ गे माँ" असं गाडीशीच बोलत होते. मग खालून धप्पकन आवाज आला आणि खडकावर तेल वाहायला लागलं.

समोर चढावर कॅम्पाचं कौलारू छप्पर दिसत होतं. निरोगी माणसाला दहा मिनिटांची वाट.

वडील म्हणाले, "मी धरतो. हळूहळू जाऊ."

आई पायरी उतरली, चार पावलं चालली, थांबली. "दिसलं ना. बस झालं," ती म्हणाली आणि तिथंच एका दगडावर बसली. परतीला बैलगाडी मिळेपर्यंत ती त्या छपराकडे बघत होती. रडली वगैरे नाही. मलाच म्हणाली, "ऊन लागतंय रे तुला, रुमाल बांध."

बैलगाडीत बसण्यापूर्वी वडील चाचांना म्हणाले, "मियाँ, अब आप के हाथ में वो बात नहीं रही."

चाचा म्हणाले, "हौ साब."

मी बाजूला उभा होतो. हाताच्या अंतरावर.

ट्रॅक्टरनं ओढून आणलेली जीप आमच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. चाचा दोनदा आले, "खोलके देखतूँ" म्हणाले. वडील दोन्ही वेळा "राहू द्या" म्हणाले. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. पुढच्या रविवारी घरात कुणी नसताना मी ताडपत्रीखाली शिरलो आणि मागची चाकं जॅकवर उचलून फेरे मोजले. पाचही भरले नाहीत. पुन्हा मोजले. मग खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

का बोललो नाही, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. आधी भीती होती. मग नोकरी, मग लग्न, मग एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय, असं. सातव्या वर्षी आई गेली. कॅम्पाचं नाव शेवटच्या आजारात तिनं एकदाही काढलं नाही; काढलं असतं तर कदाचित मी तेव्हा बोललो असतो. कदाचित. आई गेली तेव्हा चाचा आले होते, वडिलांसमोर तासभर बसले आणि उठून गेले.

त्यानंतर चार वर्षांनी मी माझ्या नव्या गाडीत हवा भरायला त्यांच्या शेडवर थांबलो. शेड आता त्यांचा मुलगा चालवत होता आणि चाचा दारात स्टुलावर बसून टायरांत हवा भरत होते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन केव्हाच झालं होतं, नजर स्वच्छ. एक गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन आलं. मागून आवाज येतो म्हणालं, बुजुर्ग आहात, तुम्हीच बघा.

"नक्को," चाचा म्हणाले. "मेरे कने हवा भराव, बस. मेरे हाथ से एक घर की गाड़ी टूटी सो है."

मी गाडीतून उतरलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. मग सांगितलं. शर्ट, तेल, दुकानदार, सगळं. मराठीतच सांगितलं, दखनी त्या वेळी तोंडात येईना.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. "पिछला कित्ता था?"

"पाचही नव्हते."

"पाँच भी नहीं." त्यांनी हिशेब केला, ओठ हलले. "फिर तो फटनाच था. पत्थर पे तो फटनाच." एकदम ते उठून उभे राहिले. "ग्यारा साल मैं सोचतूँ, बेरिंग उलटी डाला क्या, नट ढीला छोड़ा क्या. रात-दिन हाथां देखतूँ."

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला उठवलं नाही. "बाईसाब वो जगह नहीं देखे," ते म्हणाले. "वो मैं माफ नहीं कर सकता, बेटे. वो मेरा नहीं है माफ करना." मग म्हणाले, "साब कू बोलो. आज."

घरी वडील पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"शर्टासाठी?"

"हो."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग मोजे घालायला बसले. "रिक्षा बोलव," म्हणाले.

शेडवर उतरून थेट चाचांसमोर जाऊन उभे राहिले. "मियाँ, उस दिन मैं गलत बोला."

"साब, बैठो पहले."

"बैठता नहीं. मेरी गाड़ी खोलते क्या, बोलो."

"हाथ काँपते, साब."

"मेरे भी काँपते. फिर?"

चाचांच्या मुलानं काही बोलायला तोंड उघडलं, तर चाचा त्याच्यावरच खेकसले, "चुप बैठ रे, तेरेकू क्या मालूम साब की गाड़ी!"

दोन महिने ते आमच्या अंगणात येत राहिले. पुढच्याशी जुळणारी दातेरी चाकं त्यांनी स्वतः बाजारात जाऊन आणली, मधली पेटी दुसरी घातली, टायर तडकले होते तेही बदलले. वडील शेजारी खुर्ची टाकून चुका काढत. माझ्याशी दोघं कामापुरतं बोलत. एके दिवशी सकाळी दोघंच कॅम्पाला निघाले. गाडीत मागे जागा होती. मी विचारलं नाही.

दुपार कलताना परत आले. चाचा खाली उतरले, दारात माझ्यासमोर थांबले.

"नाले में डाला. पत्थर पे, चारों चक्के. दो बार," ते म्हणाले. "कुछ नहीं हुआ. ऊपर दरवाजे तक गई."

"हौ चाचा."

"दो बार डाला," त्यांनी पुन्हा सांगितलं. वडील अजून आपल्या जागेवर बसूनच होते, समोर बघत. त्यांच्या मांडीवर आईचा रिकामा दशम्यांचा डबा होता. कधी घेऊन गेले ते मला कळलंच नव्हतं. चाचा मागे वळून त्यांना म्हणाले, "उतरो साब, आ गया घर," आणि मग मला, "पानी लाव, बेटे. दोनों कू."

मी पाणी आणायला आत गेलो.