उंबरकोंडला मारलेल्या थापा

आधीच सांगून टाकतो – भूत, चकवा, करणी असल्या गोष्टींवर माझा तरुणपणी विश्वास नव्हता आणि आज सत्तरी उलटल्यावरही नाही. या सदरातल्या पिंपळाखालच्या बायका वाचून मला हसू येतं, राग मानू नका. माझ्या हकिगतीत भूत नाहीच. सगळं लख्ख उन्हात घडलं, आणि त्यात संशय घ्यावा असा एकच इसम होता, तो म्हणजे मी स्वतः.

साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आमचा रायगड तेव्हा फक्त गडाचं नाव होतं, जिल्हा कुलाबा. महाडला एस.टी. स्टँडजवळ माझ्या मामाची खाणावळ होती, वर उतरायला दोन खोल्या. मी तिथे वाढपी, मॅनेजर, जे पडेल ते. गड बघायला कुणी पाहुणा आला की मामा मला बरोबर धाडायचा, म्हणून लोक मला गाईड म्हणायचे. गड मला बऱ्यापैकी ठाऊक होता. जे ठाऊक नव्हतं ते मी रचून सांगायचो.

आता हे जरा नीट समजून घ्या. आमच्याकडे कुणी वाट विचारली, काही विचारलं, तर ‘माहीत नाही’ म्हणायची रीतच नाही. माणूस एवढा लांबून आलाय, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग ठोकून द्यायचं काहीतरी. यात फसवणूक करतोय असं कुणालाच वाटत नाही. मला तर मुळीच वाटायचं नाही.

तर एका सकाळी कोट-हॅट घातलेले, पन्नाशीचे एक सावळे गृहस्थ बॅग घेऊन खाणावळीत आले. नाव गोविंदराव, गाव मॉरिशस. दिसायला अगदी आपल्यातले, पण मराठी ऐकून मी वाढता वाढता थांबलो. घरात पोथ्या वाचून टिकवलेली भाषा... ‘जेवण उत्तम झालें’, ‘आपलें नांव काय’ अशी. मामाला ती फार आवडली. मामा पण त्यांच्याशी तसंच बोलायला लागला आणि दोन वाक्यांत दमला.

त्यांचं काम असं होतं. त्यांची आजी, म्हणजे आईची आई, इकडचीच. आठ वर्षांची असताना बापाबरोबर बोटीत बसून उसाच्या मळ्यावर गेली ती गेलीच. गावाचं नाव तेवढं तिने मुलीला घोकून घोकून पाठ करायला लावलं – महाडाकडचं उंबरकोंड. आता ती मुलगी, गोविंदरावांची आई, म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली होती. तिची एकच इच्छा... आईच्या घराच्या उंबऱ्याची चिमूटभर माती. शनिवारी मुंबईहून बोट होती, म्हणजे गोविंदरावांच्या हातात उरला होता एक दिवस. उंबरकोंड पाहिलेला कुणी वाटाड्या मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

मामाने माझ्याकडे बघितलं.

“मिळेल म्हणजे काय,” मी म्हणालो, “पायाखालची वाट आहे माझ्या.”

उंबरकोंड मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पोलादपूरच्या पुढे डोंगरात कुठेतरी आहे एवढंच कानावर होतं.

निघता निघता खाणावळीच्या दारात कासार आला होता. मामी बांगड्या भरून घेत होती आणि एक बांगडी फुटली म्हणून त्याच्याशी भांडत होती. हे लक्षात ठेवा.

पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला एका फाट्यावर आम्ही उतरलो. गोविंदराव झाडामागे गेले तेवढ्यात मी रस्त्यावरच्या एका माणसाला हळूच विचारून घेतलं. त्याने नुसता हात वर केला. “वर हाय. पन जुन्या वस्तीत आता कोन नाय रे.” झालं, एवढ्या भांडवलावर मी पुढे झालो.

होळीच्या आधीचे दिवस, गवत वाळलेलं, ऊन चढत होतं. गोविंदरावांच्या हातात वही. दिसेल त्याचं नाव विचारायचे आणि पेन्सिलीने लिहून घ्यायचे. हा ओढा कोणता? तो सुळका कोणता? आईला वाचून दाखवायचं होतं ना सगळं. पहिली दोन-चार नावं मी सहज दिली. मग वाटेला दोन फाटे फुटले. मी क्षणभरही थांबलो नाही. थांबलो असतो तर पितळ उघडं पडलं असतं. डावीकडे वळलो.

अर्ध्या तासाने ओढ्यात एक डोह लागला. गोविंदरावांनी वही उघडली. माझ्याकडची नावं संपली होती.

“कासाराचं पाणी,” मी म्हणालो. सकाळचा कासार डोक्यात होता, दुसरं काय! आणि नुसतं नाव देऊन भागेना म्हणून पुढे गोष्ट जोडली – एक कासार इथे पाय घसरून पडला, त्याची बांगड्यांची माळ पाण्यात गेली, अजून काचा सापडतात. गोविंदरावांनी कासार आपल्या वहीत उतरवून घेतला. त्यांनी पाण्यात हात घालून काच शोधली पण, मिळाली नाही. मी म्हटलं, पावसाळ्यात वर येतात.

वर सपाटी आली. एक थोरलं उंबराचं झाड, आणि आसपास घरांची आठ-दहा जोती, म्हणजे नुसते दगडी पाये. करवंदीच्या जाळ्या त्यांच्यावर चढलेल्या. गोविंदराव हॅट काढून उभे राहिले. “यांतलें आमचें कोणतें?”

खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा ही फसवणूक वाटली. गडावर कुठल्याशा बुरुजाला भलतं नाव दिलं तर कुणाचं काय बिघडतं? इथे एक म्हातारी अंथरुणावर वाट बघत होती. पण तोंडाची सवय... शिवाय पाय मोडून आले होते. तिसऱ्या जोत्यावर उंबराची सावली होती. मी तिथे टेकलो आणि म्हणालो, हेच.

“निश्चित?”

“शंभर टक्के. दोघं भाऊ शेजारी राहायचे. त्यांचं पटेना. म्हणून धाकट्याने दार फिरवून डोंगराकडे करून घेतलं, थोरल्याचं तोंड नको म्हणून. पुढे तो धाकटाच बोटीवर गेला.”

हे कुठून आलं तेही सांगतो. माझ्याच दोन मामांचं तसं होतं. धाकट्या मामाने भावाच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवली होती. मी खिडकीचं दार केलं, एवढंच.

गोविंदरावांची पेन्सिल थांबली. वही मिटून ते खाली बसले, माझ्यासमोर, त्या धुळीत, चांगल्या पॅंटीनिशी.

“हें मी तुम्हांस सांगितलें नव्हतें,” ते म्हणाले. “आजी सांगत असे, आमचें दार डोंगराकडे. बापाला काकाचें तोंड पाहावयाचें नव्हतें.”

आम्ही जाळ्या बाजूला केल्या. डोंगराच्या अंगाला, बरोबर मधोमध, झिजून खोलगट झालेला उंबऱ्याचा दगड होता. गोविंदरावांनी बिस्किटाचा डबा काढला आणि त्या दगडापाशी माती भरताना पोरासारखे रडले. मी दुसरीकडे बघत राहिलो. मनाशी म्हटलं, भावाभावांची भांडणं कुठे नसतात, आणि दगड मला येताना नकळत दिसला असेल. लागला अंदाज. योगायोग. बरंच झालं की.

तेवढ्यात कुत्रं भुंकलं. दोन-तीन म्हशी हाकत एक म्हातारी आली. ठकूबाय म्हणून. वस्ती कधीच वर डोंगरमाथ्यावर गेली होती, चार घरांची, तिथे ती राहायची. आम्ही कोण, कुठले, सगळं विचारून झालं. गोविंदरावांनी पाणी मागितलं.

“माज्याकडं नाय रे बाबा,” ती म्हणाली. “कासाराच्या पान्यावरनंच आलाव नं? तितलं चांगलं हाय, तितंच प्यायाचं व्हतं.”

माझ्या अंगावर काटा आला म्हणण्यापेक्षा मला राग आला, असं म्हणतो. कुणीतरी माझी थट्टा करतंय असं वाटलं. मी तिला विचारलं, कुठलं पाणी? कोण म्हणतं कासाराचं?

“सगलीच म्हनत्यात. माजी सासू म्हनायची. कोन कासार पडला व्हता म्हनं. म्या नवी नवरी आली तवा काचा गावायच्या नं.”

गोविंदराव माझ्याकडे बघून हसले. माझा वाटाड्या किती जाणता, असं ते हसणं होतं. मला तिथे उभं राहवेना.

उतरताना त्यांनी आणखी नावं विचारली, मी एकही दिलं नाही. पोलादपूरला चहा घेताना मात्र राहवलं नाही. सगळं ओकून टाकलं. मी यापूर्वी इथे कधीच आलो नव्हतो. कासार सकाळचा, भाऊ माझे मामा, जोतं सावलीचं. ती माती आईला देऊ नका, निदान खात्री करून घ्या, मी थापाड्या माणूस आहे.

गोविंदरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. बशीतला चहा संपवला, आणि विचारलं, “बरें. मग तुम्हांस कोणी सांगितलें?”

“कुणी नाही. मीच.”

“तें कसें होईल?” ते म्हणाले, आणि डबा मांडीवर घेऊन गाडीची वाट बघत बसले.

त्यानंतर मी बराच खटाटोप केला. आमच्या इथल्या एका मास्तरांचं मत पडलं की लहानपणी खाणावळीत कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असशील, मनात राहिलं असेल. असेल. पण महाडला मी आलो सोळाव्या वर्षी, आणि ठकूबाय सांगत होती की त्या वस्तीतली माणसं महाडला नाही, बाजाराला वर महाबळेश्वराकडे जातात. पुढच्या महिन्यात मी एकटा जाऊन तो फाटा बघून आलो. उजवीकडची वाट कड्यावर जाऊन संपते. मग गडावर नेलेल्या दोन पाहुण्यांपुढे मी मुद्दाम थापा मारून बघितल्या, गडाखालच्या हिरकणीवाडीत चौकशी केली. सगळ्या थापा थापाच निघाल्या. हसतील लोक, पण मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी शपथ घेतली की यापुढे माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं.

पावसाळा संपता संपता मॉरिशसहून पत्र आलं. आईने माती कपाळाला लावली, डबा उशाशी ठेवून घेतला होता. वहीतला कासार तिला रोज वाचून दाखवावा लागे. आता तिचं एकच मागणं होतं. तिच्या आईची तिथे एक लाडकी पाडी होती, गाईचं वासरू. घर सोडलं तेव्हा ती पाडी ओढ्यापर्यंत मागे आली होती, आणि आजी मरेपर्यंत तिच्या नावाने रडायची. ते नाव आईला ठाऊक होतं, पण म्हातारपणी विसरली. शेवटच्या ओळी अशा – ‘आई म्हणते, वाटाड्यास विचार. त्यास सर्व ठाऊक आहे.’

मी लगेच कागद घेतला. शपथ ताजी होती. स्वच्छ अक्षरात लिहिलं, आईंना नमस्कार सांगा, नाव मला माहीत नाही. पाकिटाला डिंक लावताना नाव आलं. अगदी आलं म्हणजे आलंच, कुणी अंगणातून हाक मारावी तसं. मी आठवून आठवून बघितलं की हे कुठून आलं. कासाराचा पत्ता लागत होता, मामांचा लागत होता. याचा काही लागेना. आमच्या घरी, शेजारी, पाहुण्यांकडे, त्या नावाचं जनावर मी कधी पाहिलेलं नाही.

पाकीट उघडावं असं वाटलं. पण पुन्हा तेच? अंथरुणावरच्या म्हातारीला पुन्हा एक थाप? मी पाकीट तसंच टाकलं. फार खरेपणा केल्याचं समाधानही वाटलं, काय सांगू.

दुसरं पत्र वर्ष सरता सरता आलं. आई गेली. शेवटचे दोन दिवस घरातली माणसं तिच्या उशाशी बसून नावं घेत होती – कपिला, गौरी, चांदी, हरणी, सुचेल ते. प्रत्येक नावाला ती मान हलवून नाही म्हणायची. आणि मग थोडा वेळ थांबून पुढच्या नावाची वाट बघायची. गोविंदरावांनी कुठलाही दोष दिला नव्हता. उलट, खरं ते कळवल्याबद्दल आभार मानले होते.

मी त्यांना उत्तर लिहिलंच नाही. काय लिहिणार होतो? तेही आता नसतील. ठकूबायला त्याच साली जाऊन विचारलं होतं, पण एवढ्या जुन्या वासराचं तिला कुठून ठाऊक असणार?

याचा उलगडा मला झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर जरूर कळवा, पण मनात राहिलं असेल वगैरे नको, ते मास्तरांनी सांगून झालंय. ज्या दिवशी तोंडाला येईल ते बोललो त्या दिवशी एका लेकीला तिच्या आईचा उंबरा मिळाला. आणि खरं बोललो तेव्हा ती वाट बघत गेली. हे मला अजून छळतं.

बायकोलाही मी ते नाव कधी सांगितलेलं नाही. आज इथे सांगून टाकतो. बाशिंगी. पाडीचं नाव बाशिंगी होतं. बरोबर की चूक, ते मान हलवून सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.