सहभाग शून्य

शिपायानं शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं. "मावशी, इथं अंगठा."

वर्गातल्या पहिल्या ओळीतल्या दोघी-तिघी पोरी हसल्या. मी म्हणलं, मला सही येते. चाळिशी उलटल्यावर एसटीच्या पाट्या वाचत वाचत शिकले मी. तर सर म्हणाले, "अरे वा. मग सगळ्या कागदांवर आत्ताच करून ठेवा. मार्क आम्ही भरतो."

आणि मी केल्या, बघा. खोटं कशाला सांगू. पंचवीस वर्षं ऊस तोडला, नंतर तोडणीवाल्या बायांच्या संघटनेत गावोगाव फिरले, म्हणून कॉलेजनं मला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावलेलं. गळ्यात शाल, पुढं पाण्याची बाटली, पंखा माझ्याच अंगावर. जीव फुगला माझा. कोऱ्या कागदांवर सह्या करत गेले. अक्षर चांगलं यावं म्हणून जपून जपून.

विषय मानवी हक्कांच्या चळवळी. पाच-पाच पोरांचे गट. चौथा गट उठला तो आमच्यावरच, ऊसतोड बायांच्या चळवळीवर. गटाची प्रमुख एका बागायतदार पुढाऱ्याची लेक. गोड पोरगी, बोलणं स्वच्छ. तिनं एका बाईचं म्हणणं वाचून दाखवलं, "पिशवीचं ऑपरेशन होऊन महिना झाला न्हवता, तरी मोळी डोक्यावर घेतली. बसून राहिले असते तर कोयता मोडला असता."

माझ्या अंगावर काटा आला. असलं बोलणं पुस्तकात न्हाई सापडत. हे तोडणीवाल्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसूनच ऐकावं लागतं. मी सहज विचारलं, मोळी कशानं बांधतात गं बाई?

"दोरीनं," ती म्हणाली.

मागून बारीक आवाज आला, "उसाच्याच पाल्याला पीळ देऊन, आजी."

गटाच्या पार मागं एक पोरगी उभी होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. सोनाली नाव, सिरसाळ्याकडची. जवळ बोलावलं, विचारलं, तेव्हा कळलं. दिवाळीनंतर तिच्या आईची पाठ गेली. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसलं की दुसऱ्यालाही मुकादम ठेवत न्हाई. म्हणून आईच्या जागी ही उभी राहिली. दिवसभर फडात ऊस तोडायचा, रातीला चुलीपाशी बायांना बोलतं करायचं, मोबाईलमधी आवाज भरायचे आन् गटाला पाठवायचे. बायांचं सगळं बोलणं तिनं आणलेलं. बाकीच्या चौघांनी ते उतरवलं आन् तक्ते रंगवले.

मी सरांच्या पुढ्यातला कागद ओढून पाहिला. चार नावांपुढं अठरा-अठरा. सोनालीपुढं, सहभाग शून्य, कारण गैरहजर. आन् खाली माझी सही. जपून काढलेली.

गटात कुणी किती काम केलं, ते प्रमुखानंच लिहून दिलेलं. मी त्या पोरीला विचारलं, कामून गं?

तिनं नजर चुकवली न्हाई. "ती एकाही बैठकीला नव्हती, आजी. नियम सगळ्यांना सारखा."

तिला खरंच तसं वाटत होतं. तेच लागलं मला. आत्ताच तिनं हक्क, समानता, सगळं तोंडपाठ सांगितलेलं.

सर समजावायला लागले. हजेरी, विद्यापीठ, वरून आलेले कागद. मी ऐकंना म्हणल्यावर आवाज बदलला. "मावशी, तुम्हाला मानासाठी बोलावलंय. मार्कांत तुम्ही पडू नका."

मी पेन घेतला आन् माझी सही खोडली. कागद फाटेस्तोवर खोडली.

मला वाटलं, आता सोनाली बोलंल. ती जवळ आली, कानाशी म्हणाली, "राहू द्या ना आजी. तुमच्यावरच चिडतील. मला पाचची गाडी हाय, बाप एकटा हाय फडात."

तक्रार न्हाई, डोळ्यात पाणी न्हाई. एवढ्याशा लेकराला शून्याची सवय लागली होती.

सरांनी नवा कागद काढला, दुसऱ्या कुणाची सही घेतली. सोनाली दारातून बाहेर पडली तवा आत टाळ्या वाजत होत्या. त्यांचा गट पहिला आला होता.

मी घरी येऊन रडले. तोडणीच्या साऱ्या वर्षांत एवढी रडले न्हाई. मुकादम शिव्या द्यायचा, पण तो परका माणूस. हितं त्या शून्याखाली पहिली सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. फडात गेलेल्या पोरीची हजेरी फडातली धरा, तिचं काम ऐकल्याबिगर मार्क देऊ नका. प्राचार्यांनी ठेवून घेतला. उत्तर न्हाई. आता दर सोमवारी जाते. फाटकावरचा माणूस विचारतो, कुणी बोलावलंय?

कुणीच न्हाई. ते मला आता कधी बोलावणार न्हाईत, ठाऊक हाय. तरी जाणार. सोनालीचं शून्य त्यांनी पुसंपर्यंत जाणार. आन् पुसलं, की त्यांच्या वह्यांत तिच्यासारख्या किती पोरी गैरहजर लिहिल्यात, ती नावं मागायला जाणार.