कुलसुमबाईंची रेघ

हाजी बाबालाल तांबोळ्याला कुणी विचारलं, "शेठ, तुमचं शिक्षण किती?" तर तो आभाळाकडं बोट करतो. म्हंजी त्याचं शिक्षण वरचं. खालचं चौथीतच सुटलं, ते काय तो सांगत न्हाई. कामशेतला सिमेंट-वाळूचं दुकान, पवनेच्या कडंला मुंबईवाल्यांच्या बंगल्यांची कामं, आन् वर वस्तीतल्या मशिदीचा मुख्य ट्रस्टी. वस्तीचं नाव मी घेणार न्हाई. मी केरबा, औंढ्याचा गवंडी, मला अजून तितं कामं करायचीत.

पण गोष्ट बाबालालची न्हाई. त्याच्यापायी तोंड झिजवायला मी रिकामा बसलेलो न्हाई. गोष्ट हाय कुलसुमबाई आतारांची.

बाईंचा बाप कासिम आठवडेबाजारात अत्तर, सुरमा आन् काकणं विकायचा. त्यानं पोरीला पहाटेच्या नमाजानंतर कुराण वाचायला शिकवलं, आन् दहा वाजता हाताला धरून मराठी शाळेत नेऊन बसवलं. शेजारीपाजारी म्हणायचे, कासिम, पोरगी हाय, एक कायतरी धर. तो ऐकून घ्यायचा आन् दुसऱ्या दिवशी परत दोन्हीकडं नेऊन सोडायचा. बाई डी.एड. झाल्या, जिल्हा परिषदेच्या शाळांतून एकतीस वर्षं शिकवलं. रोजा चुकला न्हाई आन् शाळाही चुकली न्हाई. माझी पोरगी प्रेरणा त्यांच्याच हाताखालची. भूगोलात भोपळा आणला म्हणून बाईंनी तिला भर दुपारी मैदानात काठीची सावली मोजायला बसवलं, आन् स्वतः शेजारी बसून राहिल्या. रमजान चालू होता, बाईंच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब न्हाई. मी भांडायला गेलतो, गप परत आलो.

रिटायर झाल्यावर बाईंनी मशिदीच्या बाजूच्या खोलीत सकाळचा वर्ग धरला. अकरा पोरी. अर्धा तास कुराणाचं वाचन, अर्धा तास गणित आन् भूगोल. चार वर्षांत त्यातल्या दोघी लोणावळ्याला सायन्सला गेल्या, आन् तितंच बाबालालच्या पोटात दुखायला लागलं.

"आपा," तो म्हणाला, "मशिदीच्या खोलीत दीन शिकवायचा, धरम. दुनिया शिकवायची आसंल तर किल्ली द्या."

ह्याचा स्वतःचा धाकटा पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला! मी तोंडावर विचारलं, तर म्हणाला, "त्यो मुलगा हाय." घ्या. एवढा विचार करायला ह्याला हजला जाऊन यावं लागलं.

बाईंचं घर दीड खोलीचं. अकरा पोरी तितं बसणार कुटं? खोली गेली म्हंजी वर्ग गेला, आन् वर्ग गेला म्हंजी पोरी चुलीपुढं. मशिदीतला मौलाना इर्शाद नगरकडचा, तरणा आन् सज्जन माणूस. तो बोलला बिचारा, की हाजीसाहेब, इल्म, म्हंजी विद्या, मिळवणं मर्दावरही फर्ज हाय आन् औरतीवरही. नमाजाच्या वेळा काढायच्या, वारसांचे हिस्से पाडायचे, तर हिशोब यायलाच पायजे. बाबालाल म्हणाला, "तुमी नमाज पढवा." मौलानाची भाकरी ट्रस्टीच्या हातात. तो गप बसला.

बाई मात्र गप बसल्या न्हाईत. चार माणसांत म्हणाल्या, "हाजीसाहेब, दुनियेच्या इल्माशिवाय तुमचं किती चालतं ते बघा. या मशिदीचा किब्ला चुकलाय."

नमाजाला मक्केतल्या काब्याकडं तोंड करून उभं राहायचं असतं, त्या दिशेला किब्ला म्हणतात. मशीद बांधताना तीच पहिली बघतात. आता ऐका ती कशी बघितली. मार्गशीर्षाचा महिना, संध्याकाळची वेळ. बाबालालनं बुडत्या सूर्याकडं हात लांब केला आन् म्हणाला, "मक्का मावळतीला. धर दोरी, केरबा." मी दोरी धरली, चुन्याची फक्की मारली, पाया खणला. झालं! पुढं वस्तीतल्या तरण्या पोरांनी मोबाईलवर दिशा बघितली, तर पत्र्याखाली आन् सळयांपाशी तो काटा दर पावलाला फिरायचा. बाबालाल पोट धरून हसला. "मशीद मोठी का मोबाईल मोठा?"

बाई म्हणाल्या, "मोबाईल राहू द्या. अठ्ठावीस मेला दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सूर्य काब्याच्या बरोब्बर डोक्यावर असतो. त्या मिनिटाला इथं ओळंबा टांगायचा. त्याची सावली सांगेल. मी चुकले तर किल्ली तुमची. तुम्ही चुकलात तर वर्ग आहे तसाच चालेल, कुराण आणि गणित दोन्ही."

"शर्त हराम हाय, आपा."

"शर्त कुठली? चार माणसांत कबूल करा, एवढंच म्हणते."

लोक बघत होते, म्हणून कबूल झाला. पुन्हा जुलैतही असा एक दिवस येतो म्हणे, पण जुलैत आमच्याकडं सूर्य कुणी बघितलाय? एकच दिवस होता.

त्या दिवशी मी मशिदीच्या अंगणात तीन बांबूंची घोडी केली आन् ओळंबा सोडला. ओळंबा म्हंजी दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ हाय का बघायला लागतं ते. निम्मी वस्ती जमलेली. अडीच वाजता बाबालाल म्हणाला, आधी चहा होऊ द्या. चहा झाला. दोन चाळीसला उठून उभा राहिला आन् भाषण ठोकायला लागला. दीन काय, दुनिया काय, आमचे वाडवडील काय, मी हजला गेलतो तवा काय. मला त्याचा डाव कळला. मिनिट टळलं की सुटला. अरे, सूर्य काय तुझ्या दुकानात उधारीवर हाय का, तुझं भाषण संपायची वाट बघायला?

बाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या. उजव्या हातात खडू, डाव्या मनगटावरच्या घड्याळावर नजर. ठरलेल्या मिनिटाला सावलीवरनं खडू ओढला, मग माझी दोरी मागून तीच रेघ दोन्ही बाजूंनी लांबवली. रेघ सरकत सरकत बाबालालच्या दोन पायांमधनं गेली. तो "दुनियेचं इल्म म्हंजी धूळ" असं म्हणत होता. खाली बघितलं आन् भाषण तितंच सोडून बाजूला सरकला.

मी रेघेला आन् मशिदीच्या पुढच्या भिंतीला गुण्या, म्हंजी गवंड्याची काटकोनी पट्टी, लावला. काटकोन यायला पायजे होता. कसला काटकोन? भिंत डावीकडं पार दक्षिणेला तोंड फिरवून बसलेली.

बाबालाल म्हणाला, "सावली काय, सरकत असती." मौलाना इर्शाद पुढं आला, रेघेवर मुसल्ला, म्हंजी नमाजाची चटई, टाकला आन् दोन रकात नमाज पढला. मग लोकांकडं वळून म्हणाला, "आत्तापर्यंतच्या नमाजा वाया गेल्या न्हाईत, अल्ला नियत बघतो. पण आता कळलंय. कळल्यावर तोंड फिरवायला पायजे." ट्रस्टीपुढं त्याचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

संध्याकाळपर्यंत बाबालाल सांगत फिरत होता, "मला आधीपासूनच शंका होती." निर्लज्ज! पण किल्ली त्यानं पुन्हा मागितली न्हाई, आन् सोमवारी स्वतःची नात वर्गात धाडली. बाईंनी तिला पहिल्या ओळीत बसवलं. मी असतो तर दाराबाहेर बसवली असती.

मशीद काय पाडता येत न्हाई. आत फरशीवर नव्या दिशेनं तिरप्या रेघा मारायचं ठरलं, म्हंजी लोक त्या धरून उभे राहतील. ते काम माझ्याकडं आलं. रेघा कशा घ्यायच्या ते सांगायला बाई दारात उभ्या होत्या. मी दोरी ताणत बाबालालच्या अकलेचे वाभाडे काढत होतो.

बाईंनी विचारलं, "केरबाभाऊ, मार्गशीर्षात सूर्य कुठं मावळतो, तुम्हाला माहीत नव्हतं?"

चाळीस वर्षं उन्हात काम केलंय. थंडीत सूर्य दक्षिणेच्या कुठल्या डोंगराआड जातो आन् उन्हाळ्यात उत्तरेच्या कुठल्या, हे मला झोपेत विचारा. पाया आखताना मला दिसत होतं. पण सिमेंट बाबालालचं, बंगल्यांची कामं बाबालालची, आन् मशीद काय माझी न्हाई.

"म्हाईत होतं," मी म्हणालो.

"मग त्यांना कशाला शिव्या देता? त्यांना माहीत नव्हतं."

बाईंनी खाली वाकून दोरीचं दुसरं टोक उचललं. "धरा सरळ," म्हणाल्या. मी धरली.