एन्सिओचा उघडा कॉम्प्युटर

कारखाना बंद पडल्यापासून एन्सिओला कुणी कामावर घेईना. छप्पन्न वर्षांच्या माणसाला कोण घेतो? शेवटी औलू शहरातल्या मालमिवारानं निरोप धाडला. त्याचा धंदा गिऱ्हाइकाच्या मनासारखे कॉम्प्युटर बांधून द्यायचा. ‘शनिवारी संध्याकाळी येतो, तुमच्या हातचा एक चालता दाखवा. आवडला तर नोकरी तुमची.’

झालं, एन्सिओनं जेवायचं टेबल बळकावलं. कॉम्प्युटरला पेटी नाहीच, नुसता सांगाडा, आतलं सगळं उघड्यावर. तापणाऱ्या भागांवरून पारदर्शक नळ्यांतून हिरवंगार पाणी फिरवायचं, म्हणजे ते गार राहतात. नळ्या त्यानं स्वतः शेकून वाकवलेल्या. बायको तुओवी बिचारी ताट मांडीवर घेऊन जेवायची.

शनिवारी पाणी भरलं. अशा वेळी वीज फक्त पंपाला द्यायची, प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवायचा, आणि तो कोरडा राहतो का बघत बसायचं.

“सॉना तापलाय, चल,” तुओवी म्हणाली. “तू डोळे वटारलेस म्हणून गळायचं थांबणारेय का ते?”

शनिवारचा सॉना, तापलेल्या खोलीतलं ते वाफेचं न्हाणं, तिकडं कोण चुकवतो? गेला. पण जीव सगळा टेबलावर. मधेच कमरेला टॉवेल गुंडाळून धावत आला, वाकून पाहिलं, तर कागदावर ओला ठिपका!

कागद बदलला, सांधा आवळला. पुन्हा वाकला, पुन्हा ठिपका. “आज नको रे बाबा, आज नको,” म्हणत आणखी आवळला. कड्‌कन नळी तडकली आणि पाणी भसाभस सगळ्या सांगाड्यावर. पंप बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

तुओवी धावत आली. बाजूला टाकलेले कागद तिनं उजेडात धरले.

“एन्सिओ, पाणी हिरवं ना तुझं? मग ह्या डागांना रंग कसा नाही?”

त्याच्या केसांतून अजून थेंब टपकत होते.

“अरे वेड्या, डोकं तरी पुसायचंस!” ती हसायला गेली, आणि त्याचं तोंड बघून तिनं आपल्या खांद्यावरचा टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला.

एन्सिओ सदरा चढवतोय तोच मालमिवारा दारात.

“कुठं गळत होतं?” त्यानं विचारलं.

काहीतरी ठोकून देता आलं असतं. “गळत नव्हतं. मीच घाबरून आवळत बसलो.”

मालमिवारानं तुओवीनं दिलेली कॉफी संपवली, बूट घातले. “सोमवारी आणखी एकाला बघायचंय.”

नाही म्हणायची तिकडची हीच रीत. गाडी गेली.

“दुसरी नळी वाकव,” तुओवी म्हणाली.

“कुणासाठी?”

ती फडकं घेऊन खाली बसली आणि टेबलाखालचं हिरवं पाणी पुसायला लागली.