धोटा थांबेपर्यंत

नाशकात भाषांतर करणारे पुष्कळ असतील, पण एसटीचं तिकीट काढून भाषांतर तपासून घेणाऱ्या एकच, आमच्या कॉलेजातल्या बाई. आयुष्यभर त्यांनी बायकांच्या हक्कांवर लिहिलं, हिंदी-बंगाली लेखिका मराठीत आणल्या आणि निम्म्या शहराशी भांडणंही उरकली. लग्नपत्रिकेवर मुलीच्या आईचं नाव नसेल, तर बाई त्या लग्नाला हमखास जात, जिलेबी चापून खात आणि निघताना वधूपित्याला विचारत, "मुलगी तुम्ही एकट्यानंच जन्माला घातलीत का?" त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही, म्हणून टायपिंग माझ्याकडे, म्हणजे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीकडे.

एक प्रकरण झालं की बाई येवल्याची बस पकडत. तिथे त्यांच्याच वयाच्या चंद्रभागामावशी हातमागावर पैठणी विणतात. बाई मागाशेजारी बसून मोठ्यानं वाचत. ऐकता ऐकता मावशींच्या हातातला, आडवा धागा नेणारा धोटा थांबला, तर मजकूर पास. चालूच राहिला, तर मला फोन येई, "पहिल्यापासून गं." एक प्रकरण मी अकरा वेळा टाइप केलंय.

गेल्या वर्षी एका बंगाली कादंबरीच्या भाषांतरावर प्रकाशक अडून बसले. नायिका साठाव्या वर्षी घर सोडते, ते प्रकरण गाळा, नाहीतर पुस्तक निघणार नाही. बाईंनी त्यांनाच येवल्याला नेलं, सोबत मलाही. दुसऱ्याच पानावर धोटा थांबला तो शेवटपर्यंत हलला नाही. मावशींनी पदरानं डोळे पुसले. प्रकाशक मान खाली घालून म्हणाले, "छापू."

बाई विजयी मुद्रेनं उठत होत्या, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "लय भारी लिव्हलंय. पन बाई, इतकी वर्सं तुमी लांबलांबच्या बायांचं वाचून दावता. तुझं काय झालं, आसं मला कधी इचारलं नाय."

भांडणात कधीच न हरलेल्या बाई मटकन खाली बसल्या. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "वीस वर्षं मी हिच्याकडून नुसतं तपासून घेतलं गं."

मला त्यांचा फार अभिमान वाटला, कारण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी भाषांतर बाजूला ठेवलं. आता दर गुरुवारी मावशी सांगतात आणि बाई लिहून घेतात, एक शब्द न बदलता. दोघींनी पंचाहत्तरी ओलांडलीय. टायपिंगला आलेल्या सत्तर पानांत मावशी अजून सातच वर्षांच्या आहेत, आणि जरा घाई करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.